टाकसाळीतली चूक की बाहेरचा मार? (नाणी तपासणाऱ्यांसाठी धागा)

पारखी_नजर:
'मिंट एरर' म्हणून जे विकायला येतं त्यात हातोडी, व्हाइस, कानस आणि ॲसिडची करामतच फार. म्हणून हा धागा. नाणं हातात आलं की आधी एकच विचारायचं: हे यंत्रात कसं घडलं असेल? उत्तर सापडेना तर नाणं बाहेर बिघडलंय असं धरून चाला. भाव नंतर.

त्यासाठी नाणं बनतं कसं हे डोक्यात पक्कं हवं. धातूचा पट्टा ब्लँकिंग प्रेसखाली जातो, त्यातून गोल चकत्या कापल्या जातात. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन-घासून चकाकवतात, मग रिमिंग यंत्रात कडेवरून दाबून किनार थोडी उचलतात. शेवटी प्रेस. खाली एक डाय (चित्र उलटं कोरलेला पोलादी ठसा), वर एक डाय आणि चकतीभोवती पोलादी कॉलर. एकाच दाबात दोन्ही बाजू उमटतात आणि धातू बाजूला पसरून कॉलरला टेकतो, त्यातून कडेच्या रेघा येतात. कापण्यात चूक झाली तर तिची खूण वेगळी, डायमध्ये दोष असेल तर वेगळी, दाब बसताना काही बिनसलं तर आणखी वेगळी. टाकसाळीबाहेरचा मार या तिन्हीपैकी कशातच बसत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा, व्यास मोजायला डिजिटल व्हर्नियर (जबडे प्लास्टिकचे असले तर उत्तम, पोलादी जबड्यांचे चरे पडतात), १० पट भिंग, छोटं निओडिमियम चुंबक आणि मान वाकणारा टेबल लॅम्प. प्रकाश वरून नको. बाजूने, जवळजवळ आडवा पडू द्या आणि नाणं हळूहळू फिरवा. उठाव कुठला आणि खड्डा कुठला हे सावलीच सांगते.

मोजमापं लक्षात ठेवा. स्टीलचा एक रुपया (१९९२ ते २००४): ४.८५ ग्रॅम, २५ मिमी. तांबे-निकेलचा अकरा कोनी दोन रुपये: ६ ग्रॅम, २६ मिमी. तांबे-निकेलचा जाड पाच रुपये: ९ ग्रॅम, २३ मिमी. पिवळा निकेल-ब्रासचा पाच रुपये: ६ ग्रॅम, २३ मिमी. दोन धातूंचा दहा रुपये: ७.७१ ग्रॅम, २७ मिमी. गेंड्याचे स्टीलचे २५ पैसे: २.८३ ग्रॅम, १९ मिमी. वापरलेल्या नाण्यात दोन-चार शतांश ग्रॅम इकडेतिकडे झाले तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

प्रश्न विचारताना दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो, वजन, व्यास आणि चुंबकाला चिकटतं का, एवढं द्या. "हे काय आहे?" म्हणून एकच धूसर फोटो टाकलात तर उत्तरही धूसरच मिळेल.

चिल्लर:
माझ्याकडे जाड पाच रुपयांचं नाणं आहे, १९९५ चं. कडेचा एक घास खाल्ल्यासारखा गोलाकार तुकडा गेलाय. वजन ८.३१ ग्रॅम. चुंबकाला चिकटत नाही. विकणारा याला 'क्लिप' म्हणतो. खरं का?

पारखी_नजर:
वजनातून सुरुवात करू. ९ पैकी ८.३१ म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास धातू गेला. फोटोत जेवढा तुकडा गेलेला दिसतो त्याच्याशी हे जुळतं. म्हणजे धातू खरोखर कमी झालाय, कड नुसती दाबून आत ढकललेली नाही. पण कमी कधी झाला, छाप बसायच्या आधी की नंतर?

क्लिप होते ती अशी. पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही की पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि नव्या चकतीचा कडेचा घास जातो. त्यामुळे त्या घासाची वक्रता मूळ चकतीच्या वक्रतेएवढीच असते. दुसरं पाच रुपयांचं नाणं त्या खोबणीत टेकवून बघा. जवळपास नीट बसलं पाहिजे, कारण एका पट्ट्यावर एकाच मापाचे पंच चालतात.

दुसरी खूण क्लिपच्या बरोबर समोरच्या टोकाला. रिमिंग यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसला तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही, तिथली किनार बोथट किंवा सपाट राहते. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. कानशीने नंतर घास काढणाऱ्याला हे साधत नाही.

तिसरी खूण, आणि मला सगळ्यात भरवशाची वाटते ती: क्लिपजवळची अक्षरं. छाप बसताना तिथे धातू मोकळ्या जागेकडे ओढला जातो, म्हणून अक्षरं क्लिपच्या दिशेने ताणलेली, पुसट होत जाणारी दिसतात, किनारही हळूहळू विरते. नंतर कापलं असेल तर अक्षर सुरीने केक कापल्यासारखं ताडकन तुटतं आणि किनार तिथपर्यंत पूर्ण उंचीची राहते.

वजनकाटा:
समोरची किनार सपाट नसली म्हणजे क्लिप खोटी, असा उलटा अर्थ कुणी काढू नका. घास अगदी छोटा असेल तर परिणाम जेमतेम दिसतो. सापडला तर बाजूने मोठा पुरावा, नाही सापडला तर बाकीच्या खुणा बघायच्या.

क्लिपच्या तोंडाकडेही १० पट भिंगाने बघा. पंचने कापलेल्या धातूत वरचा थोडा भाग गुळगुळीत आणि खालचा फाटल्यासारखा खरबरीत असतो. छाप बसताना तो थोडा दबतो, तरी ओळखू येतो. एकमेकांना समांतर बारीक रेघा दिसल्या तर ती कानस.

पारखी_नजर:
बरोबर. माझं वाक्य जास्तच ठाम झालं होतं.

टिकली:
स्टीलच्या एक रुपयावर 'भारत' दोनदा छापल्यासारखं दिसतंय. शिरोरेषेखाली दुसरी रेघ आहे. यालाच डबल्ड डाय म्हणतात का?

धातुकाम:
बहुधा नाही. दुहेरी दिसण्याची तीन वेगवेगळी कारणं आहेत आणि विक्रीच्या पाटीवर तिन्हींना एकच नाव असतं.

खरा डबल्ड डाय म्हणजे डाय तयार होतानाच प्रतिमा दोनदा, किंचित सरकून कोरली गेलेली. असा डाय जितकी नाणी पाडेल तितक्या सगळ्यांवर ती दुहेरी प्रतिमा तशीच येते. दुसरी प्रतिमाही गोलसर उठावाची, पहिल्याच्या बरोबरीच्या उंचीची असते. अक्षर जाड होतं. रेघांच्या टोकाशी आणि कोपऱ्यात स्पष्ट खाच दिसते. देवनागरीत ती सर्वात सोपी दिसते शिरोरेषेच्या टोकाशी: 'भारत'मधल्या 'त'च्या पुढे जिथे रेघ संपते तिथे एकाऐवजी दोन टोकं. जगभर नावाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचा १९५५ चा एक सेंट. तिथे साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांना दुहेरी दिसतात.

दुसरं, यांत्रिक दुहेरी. दाब बसून झाल्यावर डाय सुटताना किंचित हलला की ताज्या अक्षराची एक बाजू घासली जाते. तिथे पायरीसारखा सपाट, चकचकीत कट्टा तयार होतो. अक्षर जाड न होता बारीक होतं, कारण त्याचाच धातू ढकलला गेलेला असतो. तुम्ही सांगताय ती 'दुसरी रेघ' शिरोरेषेपेक्षा खालच्या पातळीवर आणि चपटी असेल तर हेच. आडव्या प्रकाशात ती आरशासारखी चमकून जाईल.

तिसरं, झिजलेला डाय. स्टीलच्या नाण्यांत हे ढिगाने मिळतं, कारण स्टील कडक आणि डायची झीज जास्त. अक्षरं किनारीच्या बाजूला सुजल्यासारखी, कडा धूसर, मोकळ्या जागेत संत्र्याच्या सालीसारखा पोत किंवा कडेकडे धावणाऱ्या बारीक रेषा. याला दुहेरी म्हणणं म्हणजे चष्म्याचा नंबर वाढल्याची तक्रार डायवर ढकलणं.

टिकली:
पायरीच आहे. चपटी, चमकते. धन्यवाद, पैसे वाचले.

गोदाकाठ:
थोडं वेगळं मत. यांत्रिक दुहेरीही टाकसाळीतच घडते. तिला 'एरर' म्हणू नये हे कशावरून?

धातुकाम:
घडते टाकसाळीत, हे मान्य. पण ती त्या एका ठोक्यापुरती असते, पुढच्या नाण्यावर वेगळी किंवा नाहीच. संग्राहक किंमत मोजतात ती एकतर डायच्या कायम दोषाला, किंवा डोळ्यात भरणाऱ्या मोठ्या चुकीला. यांत्रिक दुहेरी दोन्हींत बसत नाही. ठेवायची तर ठेवा, पाकिटावर नाव मात्र खरं लिहा.

मुळशीकर:
उठाव आणि खड्डा यांचा साधा नियम कुणी एकदा नीट लिहाल का? डायची तडा आणि ओरखडा यांत गोंधळ होतो.

वजनकाटा:
डायवर जे खोल ते नाण्यावर उंच. डायला तडा गेली तर दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उठावाची, वेडीवाकडी, नदीसारखी रेघ उमटते. ती अक्षरांवरून, चित्रावरून, मोकळ्या जागेतून सलग जाते. ओरखडा खोल असतो आणि त्याच्या दोन्ही काठांना ढकललेल्या धातूची बारीक वरंबी असते. नख फिरवलं तरी समजतं, पण नखाने तपासू नका, भिंग वापरा.

तडा किनारीला मिळून डायचा तुकडाच निखळला तर नाण्यावर त्या जागी किनारीसकट एक बिनचेहऱ्याचा उंच गोळा येतो. त्याला इंग्रजीत 'कड' (cud) म्हणतात, आपली मराठी 'कड' नव्हे. तपासायला सोपं: नाणं उलटा आणि नेमकी तीच जागा बघा. गोळ्यात शिरलेला धातू कुठून तरी आलाच, त्यामुळे समोरच्या बाजूचं चित्र तिथे फिकं पडलेलं हवं. उलट्या बाजूचं चित्र ठणठणीत असेल तर गोळा सोल्डरने डाग देऊन किंवा चिकटवून बसवलाय. गोळ्याच्या मुळाशी बारीक फट शोधा. शुद्ध ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवलं की बराचसा चिकटवलेला माल सुटतो. नेलपॉलिश काढायचं द्रव चालणार नाही, त्यात तेल आणि रंग असतात. काम उघड्या खिडकीत आणि गॅसपासून लांब करा.

आणखी एक प्रकार: चकती न येताच दोन डाय एकमेकांवर आपटले तर एकाची पुसट आकृती दुसऱ्यावर बसते. मग पुढच्या नाण्यांवर आकड्याच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागेत सिंहस्तंभाची बाह्यरेषा आरशातल्यासारखी उलटी दिसते. हे 'क्लॅश'. भुताटकी वाटते, पण कारण इतकं साधं आहे.

सावंतवाडी_एक्सप्रेस:
छाप-काटा उलटसुलट असलेली नाणी? एका साइटवर अकरा कोनी दोन रुपये '१८० अंश रोटेशन' म्हणून लावलंय.

पारखी_नजर:
हा प्रश्न गोड आहे. आपली गणराज्याची नाणी पदकासारखी जुळवलेली असतात. सिंह सरळ ठेवून नाणं पानासारखं उभ्या अक्षावर उलटलं की मागची बाजूही सरळ दिसते. डाय बसवताना फिरला तर मागची बाजू कलते. ५-१० अंशांचा कल खूप नाण्यांत मिळतो, त्यामागे लागू नका. ९० किंवा १८० च्या आसपासचे शोधले जातात.

मोजायला: कागदावर कोनमापक छापा, मधोमध नाणं ठेवा, सिंहाच्या माथ्याची दिशा शून्यावर आणा, कडेला दोन बोटांनी धरून उभ्या अक्षावर उलटा आणि मागच्या आकड्याचा उभा अक्ष कुठे येतो ते वाचा. तीनदा करा.

आता अकरा कोनांचं गणित. डायचा चेहरा आणि कॉलर दोन्ही अकरा कोनी असतील तर डाय ३६० भागिले ११, म्हणजे सुमारे ३२.७ अंशांच्या टप्प्यांनीच फिरून बसू शकतो. १८० ला ३२.७ ने भागलं तर साडेपाच येतात. म्हणजे बरोबर १८० अंशांचा टप्पाच नाही. जवळचे कोन १६३.६ आणि १९६.४. त्या नाण्यावर एका बाजूच्या किनारीचे कोपरे दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यांवर येतात का ते आधी बघा. कोपऱ्यासमोर सपाट बाजू येत असेल तर दोन नाणी तासून पाठीला पाठ चिकटवल्याची शंका घ्या.

वजनकाटा:
जादूगारांच्या 'दोन छापा' नाण्यांचंही तेच. एक नाणं आतून वाटीसारखं कोरतात आणि दुसऱ्याची चकती त्यात बसवतात. सांधा कडेला नसतो, किनारीच्या आतल्या बाजूला, चेहऱ्यावर गोल फिरतो. टेबलावर हलकेच पाडून आवाज ऐका. चांगल्या नाण्याचा नाद लांबतो, जोडलेलं 'टक' करून गप्प होतं. वजनही सहसा चुकतं.

कोथरूडची_आजी:
दहा रुपयांच्या नाण्यातला मधला भाग फिरलेला आहे. बाहेरच्या कड्यावरची अक्षरं सरळ आणि आतला सिंह वाकडा. नातू म्हणतो लाखांत जाईल.

धातुकाम:
आजी, नातवाला थांबवा. दहा रुपयांत कडं आणि मधली चकती छाप बसेपर्यंत दोन सुटे तुकडे असतात. प्रेसमध्ये एकाच डायच्या एकाच दाबाने दोन्हींवर एकदम चित्र उमटतं आणि त्याच दाबाने ते एकमेकांत घट्ट बसतात. मग आतला सिंह बाहेरच्या 'भारत'च्या तुलनेत फिरलेला असणं टाकसाळीत शक्यच नाही. डाय फिरला तर कडं आणि चकती दोन्ही मिळून फिरतात. तुमच्या नाण्यातली चकती कुणीतरी ठोकून बाहेर काढली आणि वाकडी परत बसवली. सांध्यावर हातोडीच्या चपट्या खुणा सापडतील.

खऱ्या चुका अशा: चकती नीट बसायच्या आधी दाब आला की ती एका बाजूला कड्यावर चढते, ग्रहणाच्या चंद्रासारखी, आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीएवढी फट राहते. चित्र मात्र चढलेल्या धातूवरूनही सलग जातं. चित्र सांध्यापाशी तुटलं की खोटं.

चकतीच आली नाही आणि नुसत्या कड्यावर छाप बसला, असंही होतं. तिथे भोकाची आतली भिंत बघा. आधाराला चकती नसल्याने कड्याचा धातू आतल्या बाजूला पसरतो, भोक किंचित लहान आणि काठ गोलसर होतो. चकती नंतर ठोकून काढली असेल तर भिंतीवर चकतीच्या खाचेत बसलेल्या धातूची वरंबी आणि ओढल्याचे उभे चरे राहतात.

कोथरूडची_आजी:
समजलं. त्याला हा धागाच वाचायला दिला.

गोदाकाठ:
'चुकीच्या चकतीवरचा छाप' यावर लिहा. नव्या दोन रुपयांची काही नाणी जुन्या एक रुपयाच्या मापाची असतात म्हणून कुणी त्यांनाही एरर म्हणतं.

वजनकाटा:
ही गफलत मापांमुळेच होते. २०११ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत दोन रुपये २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅमचे आहेत, म्हणजे १९९२ च्या स्टीलच्या एक रुपयाचंच माप. त्याच मालिकेतला एक रुपया सुमारे २२ मिमी आणि ३.७९ ग्रॅमचा, जो जुन्या स्टीलच्या ५० पैशांच्या जवळ जातो. ही सगळी नेहमीचीच नाणी आहेत.

चुकीच्या चकतीवर खरोखर छाप बसला की चित्र चकतीच्या बाहेर सांडतं, काठाची अक्षरं अर्धवट राहतात. चकती लहान असल्याने ती कॉलरला टेकत नाही, त्यामुळे कडेला रेघा नीट उमटत नाहीत. वजन दुसऱ्या एखाद्या नाण्याशी तंतोतंत जुळायला हवं. कुठल्याच नाण्याशी जुळत नसलेलं हलकं, बारीक झालेलं नाणं म्हणजे बहुतेक वेळा ॲसिड. ॲसिड सगळीकडून सारखं खातं: अक्षरं बारीक, पृष्ठभाग दाणेदार आणि निस्तेज, व्यासही थोडा कमी.

धातुकाम:
धातू ओळखायला चुंबक पुरेसं नसेल तेव्हा घनता काढा. दहा मिनिटांचं काम.

काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवा, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. काटा शून्य करा. नाणं शिवणाच्या बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं लटकवा, तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागा. तांबे-निकेल ८.९ च्या आसपास येतं, नाण्यांचं स्टील ७.७ च्या, ॲल्युमिनियम २.७. जाड पाच रुपयांचं ९ ग्रॅमचं नाणं साधारण १.०१ दाखवेल, स्टीलचा एक रुपया ०.६३. एक शतांश ग्रॅमची चूक धरूनही स्टील आणि तांबे-निकेल वेगळे पडतात. दोन धातूंच्या दहा रुपयांवर मात्र हे वापरू नका, सरासरी येईल आणि फसाल.

चुंबकाबद्दल एक इशारा: स्टीलची नाणी चिकटतात, शुद्ध निकेलची जुनी नाणीही चिकटतात, तांबे-निकेल आणि निकेल-ब्रास चिकटत नाहीत. २००४ ते २००७ च्या काही स्मारक पाच रुपयांत एकच चित्र दोन्ही धातूंत आलंय. त्यामुळे 'चिकटतंय म्हणजे चुकीचा धातू' म्हणायच्या आधी त्या नाण्याची यादी तपासा.

मुळशीकर:
ब्रॉकेज राहिलं की! आणि रेल्वेरुळावर चपटी केलेली नाणी लोक ब्रॉडस्ट्राइक म्हणून विकतात त्याचं काय?

पारखी_नजर:
ब्रॉडस्ट्राइकमध्ये कॉलर जागेवर नसते. धातू मोकळा पसरतो, व्यास वाढतो, कड गुळगुळीत राहते, वजन पूर्ण असतं. रुळावरच्या नाण्याचंही वजन पूर्ण आणि व्यास मोठा, म्हणून काटा इथे मदत करत नाही. फरक चित्रात. ब्रॉडस्ट्राइकचं मधलं चित्र नव्याकोऱ्या नाण्यासारखं तीक्ष्ण, काठाकडची अक्षरं फक्त थोडी पसरट. रुळावरचं चित्र पुसलेलं, लांबोडकं, आणि कडेला जुन्या रेघांचे अवशेष चिरडलेले. चामड्याच्या तुकड्यांत ठेवून ठोकलेल्या नाण्यांत चित्र बऱ्यापैकी वाचतं, पण किनार फुगीर होते आणि कडेच्या रेघा आडव्या पडतात. आधी रेघा उमटल्या होत्या याचा पुरावा सापडला की संपलं.

कॉलर अर्धीच वर आली तर कडेला पायरी पडते, बाजूने बघितलं की आगगाडीच्या चाकासारखी. तिला अर्ध-कॉलर म्हणतात. हे नकली करणं अवघड, म्हणून छोटंसं असलं तरी मला आवडतं.

ब्रॉकेज: पाडलेलं नाणं डायलाच चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्याच्याखाली आली. मग त्या चकतीच्या एका बाजूला नेहमीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोल आणि उलटं. चिकटलेलं नाणं जितके ठोके सोसतं तितकं पसरतं, त्यामुळे पहिलं ब्रॉकेज रेखीव आणि नंतरची मोठी, विस्कटलेली.

व्हाइसमध्ये दोन नाणी दाबूनही उलटा ठसा मिळतो. ओळखायचं असं: खोल उलट्या ठशाखाली त्या बाजूचं मूळ उठावाचं चित्रही शिल्लक असतं, चेपलेलं. खऱ्या ब्रॉकेजमध्ये त्या बाजूला दुसरं काहीच नसतं, कारण ती चकती तोवर कोरी होती.

सावंतवाडी_एक्सप्रेस:
आणि अक्षर किंवा टाकसाळीची खूणच गायब असेल तर?

वजनकाटा:
डायच्या खोलगट भागात वंगण आणि धातूची भुकटी साठली की तिथे धातू शिरत नाही. अक्षर फिकं किंवा नाहीसं होतं. जागा साधारण मूळ पोताचीच राहते, पातळीही तीच. घासून काढलेलं अक्षर असेल तर तिथे खळगा किंवा एका दिशेच्या रेघा दिसतात.

यातली फसगत अशी: सालाखाली मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. तारा वंगणाने भरला की ठिपक्यासारखा दिसतो, हिरा पूर्ण भरला की 'कोलकाता'. त्यामुळे "या साली या टाकसाळीचं नाणंच नाही, म्हणून दुर्मीळ" हा निष्कर्ष काढायच्या आधी आडव्या प्रकाशात खुणेची जागा बघा. ताऱ्याच्या एखाद्या टोकाची सावली बहुधा उरलेली असते. नोएडाची टाकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, त्याआधीच्या सालावर 'नोएडाचा ठिपका' सापडला तर तो ठिपका म्हणजे डायचा कण उडाल्याचा उठाव किंवा भरलेली दुसरी खूण.

गडकोट:
शिवराई नेहमी एका बाजूला सरकलेली मिळते. ते ऑफ-सेंटर धरायचं का?

पारखी_नजर:
नाही. यंत्राची भाषा हातच्या नाण्यांना लावू नका. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. ठसा सहसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा, तुकडा हाताने ठेवलेला आणि हातोड्याचा घाव. पूर्ण मजकूर एका नाण्यावर बसणं हेच अपवादाचं. त्यामुळे किती अक्षरं दिसतात यावर नाण्याची प्रत ठरते, सरकलेपणावर नाही. दुहेरी घाव आणि ब्रॉकेज मात्र शिवराईतही मिळतात आणि त्यांकडे लक्ष द्यावं.

यंत्राच्या नाण्यात ऑफ-सेंटर टक्क्यांत मोजतात. पाच टक्के सरकलेलं म्हणजे काहीच नाही. निम्म्याच्या आसपास सरकलेलं आणि तरी साल व टाकसाळीची खूण शाबूत असलेलं जास्त मागितलं जातं.

टिकली:
१९११ चा 'डुकरी' रुपया या धाग्यात बसतो का?

गोदाकाठ:
बसत नाही. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरच्या हत्तीची सोंड आखूड वाटली, लोकांना तो डुकरासारखा दिसला, नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. डाय ठरवल्याप्रमाणेच चालला, चित्रच बदललं. ही वेगळ्या रचनेची 'व्हरायटी' झाली, एरर नाही.

त्याच रांगेत दहा रुपयांची वेगवेगळी नाणी. ₹ चिन्ह असलेली आणि नसलेली, दहा किरणांची आणि पंधरा किरणांची. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये चौदा वेगवेगळ्या रचनांची दहा रुपयांची नाणी वैध असल्याचं जाहीर केलं होतं. ती खोटीही नाहीत, दुर्मीळ चुकाही नाहीत. आणि वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणून आधी 'नोंदणी फी' मागणाऱ्यांबद्दल काही बोलायलाच नको. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असले व्यवहार करणाऱ्यांपासून बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केलंय.

मुळशीकर:
फरक कळावा म्हणून घरीच एखादं नाणं व्हाइसमध्ये दाबून बघावं म्हणतो.

वजनकाटा:
चालू नाण्यावर नको. २०११ च्या नाणेकायद्यात नाणं वितळवणं, नष्ट करणं यांना मनाई आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. हार्डवेअरच्या दुकानातले पितळी वॉशर घ्या, दोन वॉशरच्या मध्ये तिसरा कोरलेला तुकडा ठेवून दाबा. ठशाच्या कडा कशा मऊ येतात ते तेवढ्यातही दिसतं.

आणि एरर वाटणाऱ्या नाण्याला चिंच, लिंबू, खायचा सोडा, पितळ घासायची पावडर यातलं काहीही लावू नका. छाप बसताना धातू पसरून पृष्ठभागावर आलेला मूळ पोत हाच खरेपणाचा पुरावा, तो पहिल्या घासण्यात जातो. धूळ असेल तर डिस्टिल्ड पाणी, चिकट असेल तर ॲसिटोन, मग दाबून टिपायचं, पुसायचं नाही. ठेवायला पीव्हीसी नसलेली पाकिटं.

चिल्लर:
पाच रुपयांचं तपासलं. दुसरं पाच रुपयांचं नाणं खोबणीत बसत नाही, दोन टोकांवर टेकतं आणि मध्ये फट राहते. जुने स्टीलचे १० पैसे अगदी फिट बसतात. समोरची किनार पूर्ण आहे. 'रुपये'मधला 'ये' अर्धा, सरळ कापलेला. तोंडावर बारीक समांतर रेघा आहेत.

पारखी_नजर:
स्टीलचे १० पैसे १६ मिमीचे. म्हणजे १६ मिमीची गोल कानस. पाच रुपयांच्या पट्ट्यावर एवढा लहान पंच चालत नाही आणि बाकीच्या तिन्ही खुणाही तेच सांगतात. परत करता येत असेल तर करा. नसेल तर पाकिटावर 'कानस, ८.३१' लिहून ठेवा, पुढची क्लिप तपासताना शेजारी ठेवायला कामी येईल.